साहेब सगळ्यांसमोर माझ्या पगारावरून बोलतात. त्यांना कसे थांबवावे?

रानजाई, पुणे जिल्हा

मी चाकण परिसरातील, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाची गुणवत्ता पाहते. गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीतून येथे आले. पगाराची बोलणी मी स्वतः केली आणि ठरलेला आकडा नियुक्तिपत्रात आहे. आमचे विभागप्रमुख डिप्लोमा करून येथेच लागले आणि लाइनवरून वर आले. कामात ते अतिशय जाणकार आहेत, मला त्यांनी बरेच शिकवले आहे आणि एरवी त्यांचे वागणे सभ्य असते.

पगाराचा विषय निघाला की मात्र त्यांचा सूर बदलतो. एखादा लॉट रिजेक्ट झाला की सकाळच्या मीटिंगमध्ये ते म्हणतात, ‘‘एवढ्या पगारात दोन डिप्लोमावाले ठेवता आले असते.’’ मी रजा मागितली की ‘‘तुमच्या घरात दोन पगार येतात, तुम्हाला कसली काळजी’’ असे ऐकावे लागते. चहाचे पैसे द्यायची वेळ आली की ‘‘मॅडम देतील, त्यांना परवडतं’’ हे ठरलेले वाक्य असते. एकदा तर एका पुरवठादाराचा प्रतिनिधी समोर बसलेला असताना ते असेच बोलले आणि त्यानंतर त्या माणसाला लॉट परत घ्यायला सांगताना मला अवघड गेले. गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्या वार्षिक पगाराचा आकडाच ट्रेनी मुलांसमोर सांगितला. मुले हसली, मीही कसेबसे हसले, आणि तेव्हापासून मीटिंगला जाताना पोटात गोळा येतो.

एप्रिलमध्ये पगारवाढ असते आणि माझे अप्रेझल तेच लिहितात. त्यांच्याशी वैर नको आहे, परंतु हे असेच चालू राहिले तर मी ही नोकरी मनापासून करू शकणार नाही. त्यांच्याशी नेमके कोणत्या शब्दांत बोलावे, आधी एचआरकडे जावे का, आणि याबाबत कायदा काही म्हणतो का, हे कृपया जाणकारांनी सांगावे.

जुना_मनुष्यबळ, नाशिक

मी सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांच्या मनुष्यबळ विभागात नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. तुमच्यासारखी तक्रार घेऊन आलेली माणसे मी पाहिली आहेत आणि ज्यांच्याविषयी तक्रार होती त्या अधिकाऱ्यांशीही बोललो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

असे का होते ते आधी पाहू. एकाच कंपनीत राहिलेल्या माणसाची वाढ दरवर्षी आदल्या पगारावर टक्केवारीने होते. बाहेरून येणाऱ्याचा पगार त्या वेळच्या बाजारभावाने ठरतो आणि तोही आपल्या आधीच्या पगारावर काही वाढ मागूनच येतो. त्यामुळे दहा-पंधरा वर्षे निष्ठेने काढलेल्या माणसाला एके दिवशी वाढीच्या तक्त्यात दिसते की त्याच्या हाताखाली नव्याने आलेली व्यक्ती जवळजवळ त्याच्याइतकाच पगार घेते. त्याचे दुःख खरे असते. हा अन्याय मात्र तुम्ही केलेला नाही आणि तो दूर करणेही तुमच्या हातात नाही. त्याने ते व्यवस्थापनाकडे मांडायला हवे. तसे मांडण्याचे धैर्य होत नाही, म्हणून समोर बसलेल्या माणसाला टोमणा मारला जातो. हे मी एवढ्यासाठी सांगतो की त्यांच्याशी बोलताना तुमच्या मनात अपराधीपणा राहू नये.

दुसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. अशा शेऱ्यांना उत्तर म्हणून आपला खर्च कधीही सांगू नका. घराचा हप्ता, मुलाच्या शाळेची फी, सासऱ्यांचे औषधपाणी हे सगळे खरे असले तरी ते एकदा बोलून दाखवले की तुमचा पगार तुमच्या गरजेप्रमाणे असावा हे तुम्हीच मान्य केल्यासारखे होते, आणि मग पुढच्या वेळी ‘‘आता हप्ता फिटला ना’’ हे ऐकण्याची तयारी ठेवावी लागते. पगार कामाचा ठरतो. घरात एक पगार येतो की तीन, याच्याशी कंपनीचा संबंध नाही. त्याचप्रमाणे ‘‘तो आकडा सीटीसीचा, म्हणजे कंपनीला माझ्यावर होणाऱ्या एकूण वार्षिक खर्चाचा आहे, त्यात कंपनीचा पीएफचा हिस्सा, ग्रॅच्युइटी, विमा आणि मिळेल की नाही याची खात्री नसलेला व्हेरिएबल भाग धरलेला आहे, हातात त्याहून पुष्कळ कमी येतात’’ असा खुलासाही देऊ नका. खुलासा बरोबर असेल, पण तो दिला की तुमच्या पगारावर मीटिंगमध्ये चर्चा होऊ शकते हे तुम्ही स्वीकारले असा त्याचा अर्थ होतो.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी. ज्या दिवशी शेरा मारला जाईल त्या दिवशी, रागाच्या भरात, बोलू नका. उत्पादनाची घाई नसेल अशा वेळी त्यांच्या टेबलापाशी जा, दहा मिनिटे मागून घ्या आणि एकच घटना घ्या, ती म्हणजे आकडा सांगितल्याची. ‘तुम्ही नेहमी असे बोलता’ म्हणालात तर ते ‘नेहमी कुठे’ म्हणतील आणि सगळे बोलणे तेथेच अडकेल. मी तुमच्या जागी असतो तर असे म्हणालो असतो: ‘‘सर, मागच्या आठवड्यात मीटिंगमध्ये तुम्ही माझ्या पगाराचा आकडा मुलांसमोर सांगितलात. तो कंपनीच्या आणि माझ्यामधला विषय आहे. माझ्या कामात कमी वाटत असेल तर मला थेट सांगा, मी ते सुधारेन. पण पगाराचा विषय मीटिंगमध्ये नको, एवढी विनंती आहे.’’ एवढे बोलून थांबा. त्यांची शांतता भरून काढण्याची जबाबदारी तुमची नाही. ते ‘‘अहो, गंमत केली’’ म्हणाले तर ‘‘गंमत असेल हे मला समजते, तरी मला ती नको आहे’’ असे शांतपणे सांगा. माफी मागायला लावू नका, कारण सर्वांसमोर वरचढ असणाऱ्या माणसाला एकांतात माफी मागावी लागली तर तो ती दुसऱ्या मार्गाने वसूल करतो.

एचआरकडे आधी जावे का? माझ्या मते आधी त्यांच्याशीच बोलावे. एकदा लेखी तक्रार नोंदली गेली की चौकशीची यंत्रणा सुरू होते, दोन्ही बाजूंना आपापली बाजू राखावी लागते आणि साध्या बोलण्याने मिटू शकणारी गोष्ट ताठर होऊन बसते. मात्र एक नोंद आजपासूनच ठेवा. तारीख, नेमके वाक्य आणि तेथे कोण हजर होते, एवढे पुरे. ती वही घरी ठेवा. कंपनीच्या संगणकावर ठेवू नका.

तुमच्या नियुक्तिपत्रात पगार गोपनीय ठेवण्याचे कलम बहुधा असेल, ते शोधून वाचा. लोकांना वाटते की ते फक्त कर्मचाऱ्याला बांधते. विभागप्रमुखाला तुमचा आकडा त्याच्या पदामुळे कळलेला असतो आणि तो ट्रेनी मुलांपुढे सांगण्याचा अधिकार त्या पदाने त्याला दिलेला नसतो. पुढे एचआरकडे जायची वेळ आलीच तर ‘टोमणे मारतात’ या तक्रारीपेक्षा ‘गोपनीय आकडा उघड केला’ ही तक्रार कितीतरी अधिक ठोस ठरेल.

गोदाकाठ, परभणी

मी अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवते, त्यामुळे आमच्याकडचा अनुभव वेगळा आहे, पण उपयोगी पडेल असे वाटते. वर गोपनीयतेवर बराच भर दिला आहे. आमच्याकडे पगारात गोपनीय असे काहीच नसते. वेतनश्रेणी छापलेल्या असतात आणि माहिती अधिकार कायदा, २००५ मधील कलम ४ प्रमाणे सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या अधिकारी-कर्मचाऱ्यांचे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. तरीही शेरे थांबत नाहीत. नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. माध्यमिकसाठी ते २०२३ पासून दरमहा १८,००० रुपये झाले, त्याआधी ८,००० होते. त्याच शिक्षककक्षात त्याच वर्गाला शिकवणारे ज्येष्ठ सहकारी त्याच्या कित्येक पट वेतन घेत असतात. माझ्या सेवक काळात आमचे मुख्याध्यापक ‘‘मानधनाच्या मानाने बरं शिकवता’’ म्हणत आणि कायम झाल्यावर तेच ‘‘सातवा आयोग घेता, मग निकाल का नाही’’ म्हणू लागले. तेव्हा मला उमगले की आकडा लहान असो वा मोठा, बोलणाऱ्याला त्यातून माणसाला त्याची जागा दाखवायची असते.

मी एकट्याने बोलून पाहिले, थोडा फरक पडला. अधिक फरक मीटिंगमधल्या वागण्याने पडला. वेतनाचा उल्लेख आला की मी त्यावर हसणे पूर्ण बंद केले आणि त्याच वाक्यापाशी कामाचा मुद्दा पुढे ठेवू लागले. ‘‘सर, नववीच्या चाचणीत गणितात अकरा मुले मागे आहेत, त्यांचे जादा तास कधी घ्यायचे?’’ एवढेच. आवाज न चढवता, चेहऱ्यावर राग न दाखवता. शेजारी बसणाऱ्या दोन सहकाऱ्यांनाही मी आधी सांगून ठेवले होते की या वाक्यावर तुम्ही हसू नका. असे शेरे हशावर जगतात, हे ताईंनी लक्षात घ्यावे. तुमच्या मीटिंगमधली ट्रेनी मुले भीतीने हसत असतील, त्यांना दोष देऊ नका, परंतु तुमच्या बरोबरीचा एखादा विश्वासू सहकारी असेल तर त्याला हे नक्की सांगा. तुम्ही कसेबसे हसलात असे लिहिले आहे. ते हसू आधी थांबवा.

अधिवक्ता_ठाणे

कायद्याविषयी विचारले आहे म्हणून लिहितो, आणि जास्त आशा दाखवत नाही. ‘तुमचा पगार फार आहे’ असे वरिष्ठाने म्हणणे हा स्वतंत्र गुन्हा नाही, आणि अशा वाक्यांसाठी थेट दाद मागता येईल असे कलम शोधत बसण्यात वेळ जाईल. कायदा कामी येतो तो शेऱ्यातून कृती झाल्यावर, किंवा शेऱ्याचे स्वरूप बदलल्यावर.

‘तुमच्या घरात दोन पगार येतात’ हे वाक्य मला आकडा सांगण्यापेक्षाही अधिक गंभीर वाटते. ज्यांच्या पत्नी नोकरी करतात अशा पुरुष सहकाऱ्यांना हे कधी ऐकवले गेले आहे का, याचा विचार करा. वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे आणि तिच्या कलम ३ नुसार समान किंवा समान स्वरूपाच्या कामासाठी लिंगाच्या आधारे वेतनात भेद करता येत नाही. १९७६ चा समान वेतन कायदा आता याच संहितेत सामावला गेला आहे. महाराष्ट्रातील २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमातही स्त्रियांशी वेतन, बढती वगैरे बाबतींत भेदभाव करण्यास मनाई आहे, मात्र तुमचा कारखाना असल्यामुळे तुम्हाला संहितेचाच आधार घ्यावा लागेल. उद्या तुमची वाढ कमी झाली आणि त्यामागे ‘हिला काय गरज’ हा विचार होता असे दिसले, तर आज वहीत लिहून ठेवलेली ती वाक्ये उपयोगी पडतील.

या विषयातला एक महत्त्वाचा निकाल मुंबईच्याच खटल्याचा आहे. मॅकिनन मॅकेंझी या कंपनीत स्त्री लघुलेखकांना पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते. ऑड्री डिकॉस्टा या लघुलेखिकेने नोकरी संपल्यानंतर या फरकाविरुद्ध दाद मागितली आणि १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला. कंपनीची आर्थिक स्थिती चांगली नाही, हे समान कामाला कमी वेतन देण्याचे कारण होऊ शकत नाही, असे न्यायालयाने त्यात स्पष्ट केले. तो खटला शेऱ्यांचा नव्हता, वेतनाचा होता, आणि न्यायालयापुढे टिकतो तो प्रत्यक्ष वेतनातला फरक.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा येथे लागू होईल का, असा प्रश्न कोणी विचारण्याआधीच सांगतो. केवळ पगारावरचे टोमणे त्यात बसत नाहीत. परंतु हा पगार तुम्हाला दिसण्यामुळे किंवा कोणाच्या मर्जीमुळे मिळाला, असे लैंगिक सूचन असलेले बोलणे झाले तर तो प्रश्न अंतर्गत समितीकडे जाऊ शकतो. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी ही समिती असणे बंधनकारक आहे आणि घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्यावी लागते. योग्य कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. तुम्ही लिहिलेल्या वाक्यांत तसे काही दिसत नाही, त्यामुळे त्या मार्गाने जाण्याचा सल्ला मी देणार नाही.

वीस किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात तक्रार निवारण समितीही असायला हवी, पण तिच्याकडे जाता येते ते कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या कामगाराला. तुम्ही त्यात बसता की नाही हे हुद्द्याच्या नावावरून ठरत नाही, प्रत्यक्ष कामाच्या स्वरूपावरून ठरते. गरज पडली तर नियुक्तिपत्र घेऊन एखाद्या कामगार वकिलाला भेटा.

भोसरी_गुणवत्ता

मी स्वतः एका गुणवत्ता विभागाचा प्रमुख आहे. वरचे सल्ले योग्य आहेत, पण एप्रिलचा प्रश्न त्यात बाजूला पडला आहे आणि माझ्या मते खरा धोका तेथेच आहे. ‘एवढ्या पगारात दोन माणसे आली असती’ असे जो बोलतो, तो अप्रेझल लिहितानाही तुमच्या कामाचे मोजमाप पगाराशी करतो. इतरांनी जेवढे केले तेवढेच तुम्ही केले तर त्याला ते कमी वाटते. म्हणून मोजमाप आताच ठरवून घ्या. पुरवठादारांकडून येणाऱ्या मालाचा पीपीएम (दर दहा लाख नगांमागे सदोष नग) किती खाली आणायचा, किती पुरवठादारांचे ऑडिट करायचे, किती ८-डी अहवाल (दोषाचे मूळ कारण आणि त्यावरचे उपाय नोंदवणारे) मुदतीत बंद व्हायला हवेत, हे त्यांच्यासोबत बसून लिहून काढा आणि मेलवर त्यांची संमती घ्या. दर महिन्याच्या शेवटी त्याच आकड्यांचा एक पानी अहवाल त्यांना पाठवत जा. हे कोणाविरुद्ध केलेले काम नाही, आपल्या क्षेत्रात हे एरवीही व्हायला हवे.

पुरवठादारासमोर झालेल्या शेऱ्याबद्दल मात्र मी वेगळे बोललो असतो, कारण तो केवळ तुमचा अपमान नाही, त्यात कंपनीचे नुकसान आहे. लॉट नाकारणाऱ्या अभियंत्याला तिचा प्रमुखच मान देत नाही हे पुरवठादाराला कळले की तो पुढच्या लॉटला तुम्हाला टाळून थेट प्रमुखांना फोन लावतो. कोणत्याही गुणवत्ता प्रमुखाला हे पटेल. तुमच्या साहेबांना कामाची जाण आहे असे तुम्हीच लिहिले आहे, त्यांना तर लगेच पटेल.

रानजाई, पुणे जिल्हा

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी शिफ्ट बदलण्याच्या आधी साहेबांशी बोलले. नाशिकच्या काकांनी सांगितल्याप्रमाणे एकच घटना घेतली आणि भोसरीच्या दादांचा पुरवठादाराचा मुद्दा शेवटी जोडला. आकड्याबद्दल ते काही बोलले नाहीत. पुरवठादाराच्या मुद्द्यावर मात्र ‘‘हे बरोबर आहे, ते तिथे बोलायला नको होतं’’ असे स्वतःहून म्हणाले. नंतर बराच वेळ ते स्वतःच्या पगाराविषयी बोलत राहिले, की इतकी वर्षे काढूनही वरच्यांनी कधी विचार केला नाही. मी ऐकून घेतले, पण माझ्या पगाराबद्दल एक शब्दही काढला नाही.

आजची मीटिंग नीट झाली. संध्याकाळी गेटपाशी मात्र ‘‘उद्या रजा ना, दोन पगारवाले तुम्ही’’ असे पुन्हा म्हणालेच. तेथे दुसरे कोणी नव्हते. आता हे लेखी कळवावे का? कळवायचे तर ते धमकीसारखे वाटू नये.

जुना_मनुष्यबळ, नाशिक

तुम्ही उत्तम बोललात. ते स्वतःच्या पगाराविषयी बोलले ही चांगली खूण आहे, पण त्या विषयात पुन्हा पडू नका. त्यांच्या बाजूने व्यवस्थापनाकडे शब्द टाकण्याची तयारी तर अजिबात दाखवू नका.

गेटपाशी झालेल्या एका वाक्यासाठी लगेच मेल नको. वहीत नोंद करा, आणि अधिवक्ता महाशयांनी या वाक्याविषयी जे लिहिले आहे ते लक्षात घेता शब्द जसाच्या तसा लिहा. हेच वाक्य पुन्हा आले तर त्याच क्षणी, चालता चालता, ‘‘सर, घरचा विषय नको, आपण त्या दिवशी बोललो आहोत’’ एवढेच म्हणा. मीटिंगमध्ये किंवा बाहेरच्या माणसासमोर पुन्हा झाले तर त्याच दिवशी मेल पाठवा. मजकूर साधारण असा ठेवता येईल:

‘आदरणीय सर, अमुक तारखेला आपण माझ्या पगाराच्या उल्लेखाविषयी बोललो होतो आणि तुम्ही माझे म्हणणे ऐकून घेतलेत, त्याबद्दल आभारी आहे. आजच्या मीटिंगमध्ये तो उल्लेख पुन्हा झाला. माझा पगार आणि माझ्या घरची परिस्थिती यांचा उल्लेख सहकाऱ्यांसमोर किंवा पुरवठादारांसमोर होऊ नये, अशी माझी पुन्हा विनंती आहे. माझ्या कामाविषयीच्या सूचना मला नेहमीच हव्या आहेत. या महिन्याचा अहवाल सोबत जोडला आहे.’

ही मेल फक्त त्यांनाच पाठवा, एचआरला प्रत लावू नका. प्रत लावली की ती तक्रार होते, आणि न लावता पाठवलेली मेल गरज पडल्यास पुढे केव्हाही तक्रारीला जोडता येते.